बानोची गाठ

अर्धापूरच्या दस्तगीरभाईंनी नव्या तारा गुंडाळून भरलेली मोटार जळत न्हाई, असं सगळा तालुका म्हणायचा. अन् नेमकी साखराबाईंच्या विहिरीवरची मोटार महिन्याभरात जळून परत आली. मळ्यात केळी ऐन घडावर! दुसरी कुणी असती तर दुकानासमोर तमाशाच केला असता. साखराबाई एवढंच म्हणाल्या, "भाई, तुमच्याबिगर कुणाकडं जाऊ? नीट करून द्या." ते ऐकून भाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोटार उघडली, तर तारांवरची दोऱ्याची बांधणी सैल. तारा एकमेकींना घासून उघड्या पडलेल्या. शुगरनं भाईंची बोटं बधिर झालेली. दोरा ताणला का ढिला राहिला, हेच कळत नव्हतं. पुन्हा जळली तर दुकानाला कुलूप, दुसरं काय!

त्यांची बायको बानो लग्नाचे सेहरे गुंफायची. ती म्हणाली, "मी बांधू का?"

"हे फुलांचं काम न्हाई गं!" भाई खेकसले. मग स्वतःवरच चिडून तिला कारण दाखवायला उठले. रोटी गुंडाळायच्या चांदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी सैल टांगल्या अन् बॅटरीचा करंट दोन्हींतून एकाच दिशेनं क्षणभर सोडला. पट्ट्या चटकन एकमेकींकडं ओढल्या गेल्या. एकीची दिशा उलटी केली, तशा लांब पळाल्या.

"या अल्ला! हात न लावता?"

"हाव. मोटारीतल्या तारा अशाच ओढून-ढकलून राहिल्यात. चालू करताना करंट लई, धक्काबी लई. बांधणी सैल असली की थरथरतात, घासतात अन् जळतात."

"मंग सेहऱ्यासारखंच की," बानो म्हणाली. "नवरदेवाचा घोडा उधळला तरी फूल हललं न्हाई पाहिजे."

भाईंनी तारा भरल्या, बानोनं बांधल्या. एकेक फेरा असा आवळला की भाई बघतच राहिले. शेवटची गाठ मात्र तिनं मारली न्हाई. ती उस्तादानंच मारायची, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज. भाईंनी दोरा धरला. तो बोटांतून निसटला. परत धरला, परत निसटला.

"मार तूच," ते हळूच म्हणाले.

तारांवर ओतलेलं वार्निश वाळलं, मोटार मळ्यात बसली. भाईंनी श्वास रोखून बटण दाबलं. जरासुद्धा खरखर न्हाई! पाटात पाणी धो धो आलं.

साखराबाई केळीचा घड घेऊन दुकानात आल्या. "भाई, हात अजून पक्का हाय तुमचा!"

 भाईंनी घड बानोच्या हातात दिला.

"हात हिचा हाय, बाई. अल्लानं माझी बोटं आत्ता नेली, पण ही कधीचीच देऊन ठेवली होती."