गाडी थंडच ठेवली आहे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव घेतो. मी त्यांना जिजाजी म्हणतो. आमच्याकडे जावयानं घ्यायचं असतं आणि सासरच्यांनी द्यायचं. यांनी उलटं केलं. मी दहावी झालो त्या उन्हाळ्यात वडील मला नंदुरबारला पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, मजुरीला लावणार होते. जिजाजी एवढंच म्हणाले, "मन्ही गाडी चालू शे ना? मंग हाऊ शिकी."

गाडी म्हणजे त्यांचा जुना सहा चाकी ट्रक. त्या ट्रकच्या कमाईवर माझा डिप्लोमा झाला, मग मेकॅनिकलची पदवी झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बदल्यात त्यांनी एकच अट घातली होती. "दर महिन्याले एक कागद धाड. फोनवर कोनी बी काही बी बोलस. कागदवर लिखेल खोटं नई ऱ्हास." ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. माझी पत्रं एकेक अक्षर लावत वाचायचे आणि ट्रकच्या कॅबिनमध्ये देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायचे. पुण्याकडच्या कारखान्यात नोकरी लागल्यावरही मी महिना चुकवला नाही.

या हिवाळ्यात मी चार दिवसांच्या रजेवर धानोऱ्याजवळ ताईकडे गेलो होतो. जिजाजी म्हणाले, "साहेब, सकायले गाडी पांढरा धूर मारी ऱ्हायनी. जरा देखी ले." गेलं वर्षभर ते मला साहेबच म्हणत. आधी ती थट्टा होती, मग सवय झाली.

धूर किती दिवसांपासून आहे, ते त्यांना नीट सांगता येईना. गाडी मिरची भरायला पथारीवर जाते, आणि तिथं सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. डिझेलच्या धुरानं की मिरचीनं, कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चहा दिला आणि मगच अंगणात नेलं. ट्रक धुऊनपुसून उभा होता, इंजिन चालू होतं. धूर होता, पण विरळ. मी ऑइल टाकायचं झाकण उघडलं. आतून वाफेसारखा धूर भकभक वर आला. मी पुस्तकातलं आठवलं आणि डॉक्टरच्या थाटात बोललो, "रिंगा गेल्या. पिस्टनभोवतीच्या त्या कड्या झिजल्या की आतला धूर असा वर येतो. इंजिन संपलं, जिजाजी. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन खोलण्यात आता अर्थ नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. बॉनेटवर एकदा हात ठेवला. "तू सांगना म्हनजे संपलं," असं म्हणाले. गावातल्या मिस्त्रींनी "मले एकदा देखू द्या" म्हटलं, तर जिजाजींनी त्यांना उत्तर दिलं, "मन्हा शालक इंजिनिअर शे." मी तिथेच उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

मी पुण्याला परतलो. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. जिजाजींनी गाडी भंगारवाल्याला द्यायचं कबूल केलं होतं. तो गुरुवारी कापायला न्यायला येणार होता. ते स्वतः सुरतेला दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागले होते. आपल्या गाडीत कधी कुणाला स्टिअरिंगला हात लावू न देणारा माणूस आता दुसऱ्याच्या गाडीला 'आमच्या शेठची गाडी' म्हणणार होता. ताई रडत नव्हती. बोलता बोलता सहज म्हणाली, "बरं झायं तू देखं. तुन्ही झोप मोडाले नको म्हनीसन त्यास्नी पहाटेच गाडी तापाडी ठेवेल व्हती. पाव्हनासमोर धूर नको म्हने."

मी विचारलं, "कशी तापवली?"

"कशी म्हंजे? गंज थंडी पडस तवय तापाडस तशीच. घमेलामा पऱ्हाट्या पेटाड्यात, इंजिनखाले ठेवात."

कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ तासभर इंजिनच्या पोटाखाली होता. तळातलं ऑइल तापलं होतं. झाकण उघडल्यावर मी जी वाफ पाहिली ती त्या जाळाची होती. तिच्यावरून रिंगांचं काहीच कळत नव्हतं. आणि ज्या धुरासाठी मला गाडी दाखवली, तो थंड इंजिनचा धूर मी पाहिलाच नव्हता. गाडी कधी सुरू केली, एवढा एक प्रश्नसुद्धा मी विचारला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी बस धरली. मंगळवारी दिवस उजाडताना अंगणात होतो. ताईला म्हटलं, शेकोटी नाही, काही नाही. बॉनेट उघडलं आणि किल्ली फिरवली. तीनदा फिरवल्यावर इंजिन थरथरत सुरू झालं, आणि अंगण पांढरं झालं. कच्च्या डिझेलचा उग्र वास होता, डोळ्यांतून पाणी. ताई पदर तोंडाला लावून म्हणाली, "हाऊ धूर! हाऊ व्हता!"

इंजिनला सहा सिलिंडर. प्रत्येकाचा धूर बाहेर नेणारा एकेक लोखंडी फाटा असतो. जो सिलिंडर पेट घेत नाही, त्याचा फाटा गार राहतो. पण हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. पुढं गरमी सगळीकडे पसरते. हातानं चाचपायला गेलो आणि बोटं भाजून घेतली. ताईनं मला बाजूला केलं. तिनं लोट्यात बोटं बुडवली आणि भाकरीच्या तव्यावर शिंपडावं तसा एकेका फाट्यावर थेंब टाकत गेली. चुर्र. चुर्र. चुर्र. चौथ्यावर थेंब तसाच बसून राहिला.

"हाऊ तवा थंडा शे, भो."

पाचवा, सहावा पुन्हा चुर्र.

म्हणजे दुखणं एकट्या चौथ्याचं होतं. पण त्याच्या रिंगा गेलेल्या असतील तर? तर माझं म्हणणं अजूनही खरं ठरत होतं. मी मिस्त्रींकडे पाने मागायला गेलो. ते विडी विझवत म्हणाले, "इंजिनिअरले पाना लागस का? मोबाइलमा नई का भेटत?" मी मान खाली घालून उभा राहिलो. मग त्यांनीच पेटी उघडली. म्हणाले, "चौथानी नोझल काढ, तिसराले लाव. तिसरानी चौथाले. रातभर थंडी होऊ दे. सकायले आजार नोझलसंगे गया तर नोझल बिमार. जागावरच ऱ्हायना तर इंजिन बिमार." नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारं तोंड. मी रोज कारखान्यात असलेच बारीक भाग तपासतो. मला हे सुचायला हवं होतं.

नोझला अदलून लावल्यावर दिवसभर वाट पाहण्याशिवाय हाती काही नव्हतं. इंजिन थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. ताई ट्रकजवळून जाताना प्रत्येक वेळी बॉनेटला हात लावून पाहत होती. मी आयुष्यभर पास व्हावं म्हणून देवाला नवस बोललो. त्या दिवशी मी चुकलेलो असावं म्हणून हात जोडत होतो. चौथाच गार राहिला असता तर मी बरोबर ठरलो असतो आणि जिजाजी कायमचे सुरतेला गेले असते.

बुधवारी पहाटे पुन्हा किल्ली. पुन्हा तोच पांढरा लोट. ताईनं पुन्हा लोट्यात बोटं बुडवली. चुर्र. चुर्र. तिसऱ्यावर थेंब बसून राहिला. चौथ्यावर टाकला तो उडाला.

एका नोझलचं दुखणं. इंजिन ठणठणीत होतं.

लगेच जिजाजींना फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. ते म्हणाले, "साहेब, तुन्हं मन गंज मोठं शे. पन मन्हासाठे खोटं बोलू नको."

"खोटं नाही हो! मी चुकलो होतो."

"इतला शिकेल मानूस चुकस का कधी? तू पहिले सांगेल तेच खरं. आते दया करी ऱ्हायना तू."

ताईनं फोन घेतला. तिला म्हणाले, "तू भाऊनीच बाजू लेशी." मिस्त्रींचं नाव काढलं तर हसले. आणि फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही. ताईला म्हटलं, भंगारवाल्याला तूच नाही सांग. ती म्हणाली, त्यांनी शब्द दिलाय, मी कशी मोडू? तिचंही खरं होतं. तो शब्द त्यांनाच परत घेता येणार होता, आणि ते माझ्या पदवीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवून बसले होते.

दुपारी गावातला एक ड्रायव्हर सुरतेला निघाला होता. जिजाजी माल उतरवत होते तिथंच त्याला जायचं होतं. त्याला अर्धा तास थांबवलं आणि ट्रकच्या पायरीवर बसून लिहिलं:

जिजाजी,

नमस्कार. हा या महिन्याचा कागद समजा. आजवर एकाही कागदावर मी तुम्हाला खोटं लिहिलं नाही. नापास झालो होतो तेव्हाही नापासच लिहिलं होतं. देवाच्या फोटोमागे तो कागद अजून आहे, मी आत्ता काढून पाहिला.

तुमच्या गाडीच्या बाबतीत मी चुकलो. शिकलेला माणूस चुकतो. मी थंड गाडी पाहिलीच नव्हती. माझी झोप मोडू नये म्हणून तुम्ही ती तापवून ठेवली, आणि मी विचारलं नाही. चूक तुमची नाही. विचारणं माझं काम होतं.

इंजिन चांगलं आहे. एक नोझल रात्रभर ठिबकते, म्हणून सकाळी एक सिलिंडर पेटत नाही आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं. गाडी तापली की धूर जातो. काल तो चौथा होता. नोझलांची जागा बदलल्यावर आज तिसरा झाला. हे मी दया म्हणून लिहीत नाही. दया करायची माझी लायकी नाही, मी तुमच्या गाडीवर शिकलेलो आहे.

भंगारवाला उद्या सकाळी येणार आहे. त्याला एक फोन करा, आणि कागद आणणाऱ्या भावाला विचारा, परतीची कोणती गाडी लवकर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी म्हणालो म्हणून गाडी देऊ नका आणि मी म्हणतो म्हणून ठेवूही नका. या आणि पाहा.

नोझला अदलाबदल केल्या तशाच ठेवल्या आहेत. दुखणं आता तिसऱ्यावर आहे. किल्ली ताईकडे आहे. पऱ्हाट्यांचं घमेलं मी उचलून गोठ्यामागं टाकलं. गाडी थंडच ठेवली आहे. ताई कॅबिनमध्ये पाण्याचा लोटा भरून ठेवणार आहे. थेंब तुम्ही टाका.