किडनीचं साटंलोटं

ह्यांना किडनी लागणार म्हटल्यावर आमच्या घरातल्या पुरुषांना एकदम दुखणी फुटली. लग्नकार्यात दिवसभर पंगती वाढत फिरणाऱ्या थोरल्या दिरांना अचानक बीपी निघालं. धाकट्याला मुतखडा होता, म्हणे कधीचाच. नणंदेच्या नवऱ्याकडे तर कुणी मागितलीही नव्हती, तरी त्यांनी आपणहून सांगून टाकलं की त्यांची एकच किडनी नीट चालते. तपासली कुठं, असं विचारलं तर म्हणाले, "मला आतून कळतंय." आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, "वहिनी, तुम्ही हायत की."

होतेच की मी. लातुरात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझा आवाज शेजारच्या वर्गालाही पुरतो. आमचे हे तहसिलीत कारकून आणि स्वभावाने इतके गरीब की रिक्षावाला चुकीच्या गल्लीत गेला तरी टोकायचे नाहीत. दिवसाआड त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं. हाताच्या शिरा गाठीगाठीच्या झाल्या होत्या, पाय सुजलेले, आणि वर मलाच विचारायचे, "तू जेवलीस का?" अशा वेळी मला रडू यायचं आणि मी त्यांच्यावरच ओरडायचे.

तर मी द्यायला तयार झाले आणि रक्तगट आडवा आला. ह्यांचा ए, माझा बी. आम्ही बौद्ध. लग्नात पत्रिका बघायचा प्रश्नच नव्हता, आणि त्याचा मला केवढा तोरा होता! आता डॉक्टर म्हणाले, जुळत नाही. मी म्हटलं, अहो, एवढा संसार झाला आमचा! तर म्हणतात, संसाराला चालतं ताई, किडनीला नाही.

मग त्या दवाखान्यातल्या, किडनीचं सगळं काम बघणाऱ्या मॅडमनी मार्ग काढला. नांदेडकडचं एक शेतकरी कुटुंब होतं. तरणा मुलगा आजारी, त्याचा गट बी. आई द्यायला तयार, पण तिचा गट ए. म्हणजे माझी किडनी त्यांच्या मुलाला आणि त्या बाईची आमच्या ह्यांना. बायकोने नवऱ्यासाठी आणि आईने मुलासाठी दिलेलं, म्हणून कायद्यात बसतं. चौघांची ऑपरेशनं एकाच दिवशी करायची, म्हणजे आपलं काम झाल्यावर मागे फिरायची कुणाला सोय नको. खरं सांगते, पहिल्यांदा मला धस्स झालं. नवऱ्यासाठी पोट फाडून घ्यायची तयारी होती, पण ज्या पोराचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याला माझ्या अंगातलं द्यायचं? हात आखडला माझा. पण ह्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि हो म्हटलं.

सासूबाईंना समजावून सांगितलं तर त्या क्षणात म्हणाल्या, "अगं, हे तर साटंलोटं!" त्यांच्या माहेरी असली लग्नं व्हायची. तुमची पोरगी आमच्यात, आमची तुमच्यात. "लई बरं असतंय," त्या म्हणाल्या, "तिकडं आपलीला त्रास झाला की इकडं त्यांचीला द्यायचा. मग दोन्हीकडं जपून राहतेत."

आणि खरोखर पुढचं सगळं सोयरीक जुळवल्यासारखंच झालं. देणाऱ्या आम्ही दोघी बायका, पण बोलणी पुरुषांची. आमच्याकडून बीपीवाले दीर. तिकडून मुलाचे चुलते, कारण मुलाला वडील नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशीला पीळ. दवाखान्याच्या बाकावर पहिल्याच भेटीत त्यांनी सुरू केलं. गाव कोणतं? रेणापूरजवळ. आडनाव? ह्यांनी सांगितलं. आता आमचं आडनाव असं की त्यांच्यातही सापडतं आणि आमच्यातही. चुलत्यांचा चेहरा खुलला. "आरं वा! मग मुरुडचे ते आडतवाले तुमचे कोण?" हे म्हणाले, कुणी नाहीत. "असतील की वो, लांबचे!" त्यांनी ठरवूनच टाकलं. आमच्याकडे जात कुणी तोंडानं विचारत नाही. गाव, आडनाव आणि पाहुणे विचारतात, आणि उत्तर मनातल्या मनात काढतात. त्या दिवसापासून आम्ही त्यांचे 'पाहुणे' झालो. तुरीची डाळ पाठवतो म्हणाले. आम्ही खोटं काही बोललो नाही. खरं कुणी विचारलं नाही.

मुलाची आई मात्र गप्प असायची. डोक्यावरचा पदर घट्ट धरून भिंतीला टेकून बसायची. मी शिक्षिका म्हणून मला बाई म्हणायची. एकदा एवढंच बोलली, "बाई, तुम्हाला भ्याव वाटतंय का?" मी म्हटलं, वाटतंय की. "मलाबी," ती म्हणाली. बोलणी करणाऱ्या पुरुषांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं.

पुढे मंजुरी देणाऱ्या समितीसमोर जायचं होतं. तिथे सरकारी माणसं विचारतात, कुणाचा दबाव तर नाही ना? पण त्याआधी चुलत्यांनी फोन केला, "आम्ही घर बघायला येतो." कशाला? तर पद्धत आहे! मुलगी द्यायची तर घर बघतात, मग किडनी द्यायची तर नको का? दीरही म्हणाले, बरोबर आहे. मी कपाळावर हात मारला, पण पोहे केले.

ते आले. वाटेत अहमदपूरला गरमागरम भजी मिळाली, असं दारातच कौतुकाने सांगितलं. आत आले, खुर्चीवर बसले आणि समोर बघितलं. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली बुद्धमूर्ती, तिच्यापुढे पांढरी फुलं. त्यांचा हात चहाच्या कपाकडे निघाला होता, तो वाटेतच वळून मिशीवर गेला.

"आज आमचा उपास हाय," ते म्हणाले.

भजी खाऊन उपास! मला इतकं हसू आलं आणि तेवढाच संताप आला. एरवी मी तिथेच सोलून काढलं असतं. पण त्यांच्या भावजयीच्या पोटात माझ्या नवऱ्याचा जीव होता. जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले. पोहे तसेच राहिले.

मग फोन बंद. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं घरगुती काहीतरी चाललंय." इकडे ह्यांना धाप लागायला लागली, जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, थांबू नका. हे मलाच समजावत, "त्यांचीही अडचण असेल." काय अडचण? पोरगं मेलं तरी चालेल, पण आमची किडनी नको? शाळेत मी फळ्यावर खडू मोडत होते, पोरं बिचारी चिडीचूप.

शेवटी त्या मुलाच्या आईचाच फोन आला.

"बाई, मी बोलायलेय. भाऊजी म्हणले, आपल्या घरात असलं चालत न्हाई. मी म्हणलं, बरं, न्हाई तर न्हाई. मग भाऊजी, तुम्हीच द्या. तुमचा गट बी हाय, पोराचाबी बीच हाय. चुलत्याचंबी चालतंय म्हणतेत, समितीला विचारू."

"मग?"

"मग काय! परवापासून कंबर धरलीय त्यांची. उठंनात. तुम्ही मॅडमला म्हणा, तारीख घ्या."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खाली बसून हसत हसत रडले. जातीपुढं धर्म, कायदा, शाळा सगळं हरतं हे मी बघत आले आहे. पण स्वतःच्या किडनीचा विषय निघाल्यावर जात किती झटकन जागा सोडते, हे नवीन होतं.

समितीने मला विचारलं, दबाव आहे का? मी म्हटलं, माझ्यावर? माझ्या मुख्याध्यापकांना विचारा. झालं, मंजुरी मिळाली.

ऑपरेशनच्या सकाळी चुलते कंबरेला पट्टा बांधून हजर. मॅडमना बाजूला घेऊन विचारत होते, "काढल्यावर ती धुतेत ना?" मॅडम भोळेपणाने म्हणाल्या, हो, गार द्रावणाने आतून स्वच्छ धुऊनच बसवतात. चुलत्यांचा जीव भांड्यात पडला. "मग काही हरकत न्हाई," म्हणाले. मी स्ट्रेचरवर पडून सगळं ऐकत होते. आता भुलीची वेळ जवळ आली होती, आता कुणाला भ्यायचं? म्हटलं, "फिकर करू नका भाऊ. तुमच्या भावजयीचीसुद्धा आम्ही धुऊनच घेणार आहोत." शेजारच्या स्ट्रेचरवर पदराऐवजी हिरवी टोपी घातलेली ती बाई खुदकन हसली.

शुद्धीवर आले तर असं दुखत होतं की देवधर्म मानणारी असते तर सगळ्यांना हाका मारल्या असत्या. शेजारच्या खाटेवर ती. दोघींचा एकच प्रश्न, लघवी झाली का? तिच्या पोराला झाली. थोड्या वेळाने आमच्या ह्यांनाही झाली. नवऱ्याच्या लघवीच्या बातमीने बाई एवढी हरखेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. बाहेर दीर पेढे वाटत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आम्ही डिसिजन घेतलं." चुलत्यांनी पेढा घेतला नाही. त्यांना आता शुगर निघाली होती.

दोन्ही पुरुष बरे झाले. आमचे हे पुन्हा तहसिलीत जायला लागले, सायकलवरून बाजारही करतात. आणि मागच्या उन्हाळ्यात त्या मुलाच्या आईचा फोन आला. पोराचं लग्न ठरलं, मुलगी देवणीकडची.

"बाई, तुम्ही या. पण पाहुण्यांना आम्ही आईनं लेकराला किडनी दिली असं सांगितलंय. टाक्याचा वण माझ्या पोटावर हायच. तुम्ही काही बोलू नका."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझी किडनी हळद लावून बोहल्यावर उभी राहणार आणि मी पंगतीत अनोळखी! फोनवर हात ठेवून मी ह्यांना सांगितलं. हे भाकरी मोडत होते. म्हणाले, "जाऊ दे गं. तिच्या जिवावर बसलोय मी इथं." घ्या! ह्यांच्या पोटात तिची किडनी, ह्यांना राग येईना. त्या पोराच्या पोटात माझी, त्याला लाज वाटेना. चिडायला उरले मी एकटी.

हात काढला आणि म्हटलं, "मी लग्नाला येणार नाही. पोराला माझा आशीर्वाद सांगा. आणि लग्नाच्या गडबडीत गोळ्या चुकवू नको म्हणावं. वेळच्या वेळी घे. ती माझी आहे."

"हाव बाई," ती म्हणाली. "तुमच्या मालकालाबी सांगा, मीठ कमी खा म्हणावं. ती माझी हाय."