चौथ्या पायाखालची पाचर

सकाळी फोन वाजला. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "युसूफभाई गेले." आणि मी काय विचारावं? "कोण बोलून राह्यलं? कशावरून?" मरणाच्या बातमीलाही पुरावा मागणारा मी माणूस. फोनवर त्यांचा पुतण्या होता. तो म्हणाला, "बाबूजी, दुपारच्या नमाजनंतर जनाजा आहे. या." तेव्हा कुठे मी चपला शोधायला लागलो. या गोष्टीला आता सात आठवडे झाले, आणि तो "कशावरून" अजून माझ्या कानातून जात नाही.

माझी सगळी नोकरी जंगल खात्याच्या नाक्यावर गेली, शेवटची बरीच वर्षं आलापल्लीच्या रस्त्याला. सागवानाची गाडी आली की थांबवायची, वाहतुकीचा पास पाहायचा, आणि पासावर लिहिलं तेवढंच लाकूड गाडीत आहे का ते तपासायचं. हे काम जन्मभर केलं की माणूस बिघडतो. बायकोने भेंडी कोवळी आहे म्हटलं तरी मी शेंडा मोडून पाहायचो! युसूफभाई चंद्रपूरचे सुतार. पहिल्याच भेटीत मी त्यांची अख्खी गाडी उतरवून घेतली, एकेक फळी उलटून पाहिली. सगळं पासाबरहुकूम निघालं. दुसरा कोणी असता तर शिव्या घातल्या असत्या. हे म्हणाले, "झालं ना समाधान? आता चढवाले हात लावा." मी मुकाट्याने हात लावला. आमची दोस्ती तिथून. रिटायर होऊन मी चंद्रपुरात आलो तशी त्यांच्या दुकानातली एक खुर्ची माझीच झाली.

त्यांची मुलगी सलमा. तिचा नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात फिटर होता, तो पुढे आफ्रिकेतल्या कारखान्यावर गेला. सलमाचं बाळंतपण आलं म्हणून युसूफभाई आणि भाभी तीन महिन्यांसाठी तिकडे निघाले. त्याच गावात आपल्या एका मोठ्या नेत्याचं तरुणपणीचं घर आहे, त्याचं आता तीन खोल्यांचं संग्रहालय केलंय, हे मी कुठेतरी वाचलं होतं. नेत्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक त्यांच्याबद्दलच बोलतात आणि हा लेख युसूफभाईंचा आहे. माझ्या बापाने त्या माणसाच्या एका हाकेवर तहसीलीतली नोकरी सोडली होती. मी म्हटलं, "भाऊ, माझं तिथी जाणं काही होत नाई. माझ्यासाठी तेवढं घर पाहून या." ते म्हणाले, "पाहून येतो. नीट पाहून येतो."

परत आल्यावर महिनाभराने त्यांनी हातगाडीवर एक टेबल आणलं. सागवानी, लिहायचं, छोटंसं. दुकानातली चार माणसंही मागोमाग आली होती. "त्या घरातलं त्यायचं टेबल आहे हे, बाबूजी. तिथी वितीनं मोजलं, इथी तसंच केलं, तंतोतंत." मी हात ठेवला तर टेबल डुललं. वाकून पाहिलं, तर एक पाय बोटभर आखूड आणि त्याखाली पाचर ठोकलेली. मला हसू आलं. चाळीस वर्षं रंधा मारलेल्या सुताराचा पाय आखूड पडतो आणि तो म्हणतो, "तिथी असंच आहे!" मी विचारलं, फोटो कुठाय? म्हणे, आत काढू देत नाहीत. तिकीट? म्हणे, हरवलं. मग माझ्यातला नाकेदार उठला. म्हटलं, "युसूफभाई, तुम्ही त्या घरात गेलेच नाई. पाय चुकला म्हणून गोष्ट रचून राह्यले." चार माणसांत म्हटलं. ते एवढंच बोलले, "त्यायच्या टेबलाची उजवी कड हात घासून घासून गुळगुळीत झाली आहे. ते मी नाई केलं. ते लिहिणाऱ्याचं काम." पाणी प्यायले आणि गेले.

बोलणं बंद झालं नाही. ईदेला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमचा चिवडा जायचा. पण टेबलाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि तेच मी त्यांच्या खोटेपणाचं लक्षण धरलं. खरं असतं तर भांडले नसते का?... टेबल मागच्या पडवीत गेलं. त्यावर तांदळाचं पिंप बसलं.

युसूफभाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला सलमा आली होती. दुसऱ्या दिवशी घरी भेटायला आली, पडवीत टेबल दिसलं तशी थबकली. म्हणाली, "चाचा, या टेबलासाठी अब्बा तिथी तीनदा गेले. पहिल्या दिवशी फरशीवर आडवे पडून खालून पाहत होते, तर पहाऱ्यावरच्या बाईनं उठवून बाहेर काढलं. मले तर शरम वाटली." मग तिने पर्समधून एक कार्ड काढलं. तिथे दारात विकतात तसलं, त्या खोलीच्या चित्राचं. अब्बांच्या हत्यारांच्या पेटीत सापडलं म्हणाली. मी चष्मा पुसला. खिडकी, खुर्ची, टेबल... आणि चौथ्या पायाखाली पाचर. मागे त्यांच्या हातचं वाकडंतिकडं लिहिलेलं होतं, 'बाबूजीसाठी'.

"अगं, मग दिलं काऊन नाई त्यायनं मले?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी बी मागे फोनवर विचारलं होतं, कार्ड दिलं का म्हणून," सलमा म्हणाली. "अब्बा म्हणे, पास नाक्यावर दाखवाचा असते. दोस्ताच्या घरी नाई."

मी रडलो. लाज कसली त्यात? ज्याला मी चार माणसांत खोटं पाडलं, तो पुरावा पेटीत ठेवून माझ्याच शब्दाची वाट पाहत राहिला. आणि मी एकदा नुसतं "बरं, भाऊ" म्हटलं नाही.

पिंप त्याच दिवशी हलवलं. हा लेख मी त्याच टेबलावर लिहितो आहे. पाचर आहे तिथेच आहे, डुलतं थोडं, डुलू दे. रोज सकाळी दोन तास बसतो आणि लिहिता लिहिता उजवी कड हाताने चाचपून पाहतो. ती अजून नवी आहे, मनगटाला टोचते. माझं वय पाहता ती गुळगुळीत व्हायची नाही... तरी बसतो.