दारावरचा कागद

वालकाकी घरी आली की चपला काढायच्या आधी दाराकडे बघायची. कुलूप नव्हे, दाराची फळी. वर, खाली, मग दोन्ही बाजूंची चौकट. कुठे काही चिकटवलेलं नाही अशी खात्री झाली की "हां" म्हणायची आणि कमरेची किल्ली काढायची. नळावर हंडा भरून आली तरी हेच. आम्ही शेजारच्या पोरी फिदीफिदी हसायचो. "काकी, तुझ्या दाराला कोण कागद लावणार? तुझ्याकडे हाय काय?" म्हटलं की डोळे वटारायची. "थोडं हाय म्हणूनच भ्यायचं गो. ज्याच्याकडं कायच नाय, त्याच्या दारात कोण जातंय?"

तिचं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. वडिलांचं लहानसं मिठागर होतं. ती तिसरीत असताना शाळेतून आली तर दारावर कागद. ओल्या खळीचा वास येत होता म्हणे. घरात वाचता फक्त तिलाच येत होतं, तेही अक्षर अक्षर जुळवून. त्यात वडिलांचं नाव तिने वाचलं, पुढचं सरकारी मराठी कुणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी मिठागर त्यांचं राहिलं नाही. "म्या वाचून दाखवलं," एवढंच ती सांगायची आणि विषय तोडायची.

बाकी बाई कशाला म्हणून भ्यायची नाही. काका गेल्यावर शेती एकटीने ओढली. भात कापलं की त्याच ओलीवर कडवे वाल पेरायचे, राखेत घोळवून ठेवलेलं घरचंच बियाणं, आणि ते निवडायला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालायचा नाही. नदीपल्याड अष्टमी गावात पुलाच्या तोंडाशी पाटी घेऊन बसायची. रोह्याच्या बायका पूल ओलांडून तिच्याकडे यायच्या. कुणी भाव पाडायला लागली की म्हणायची, "बाई, तुम्ही आज बिरडं करा, आणि उद्या येऊन मला बोला." उद्या यायच्या त्या आणखी दोन किलो न्यायला.

बजेटच्या दिवसाला मात्र भ्यायची. त्या दिवशी ती एकटी घरात थांबायचीच नाही. वाल शेंगांवर आलेले असायचे, म्हणून दर बजेटला तिच्या परसात पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, तोंडाला पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. सगळी आळी जमायची आणि कुणीतरी मोबाइलवर बातम्या लावायचं. शेतकऱ्याला काय दिलं, धंदेवाल्याला काय सूट दिली, यावर बाप्ये तावातावाने भांडायचे. काकी जाळात काटक्या सारत हळूच मला विचारायची, "वालाचं नाव घेतलं काय गो?" मी नाही म्हटलं की सुस्कारा सोडायची. "नाय ना? बरं झालं. दिल्लीत आपलं नाव नाय निघालं म्हंजे वर्ष सुखाचं."

अशा बाईला मी तिचं नाव छापायला लावलं! कॉलेजात कॉमर्स शिकत होते, शहाणपण उतू चाललं होतं. कोलाडला हायवेवरच्या एका दुकानदाराने पाकिटं मागितली, म्हणून मी लेबल बनवून दिलं. वालाच्या शेंगेचं चित्र, 'वालकाकीचे कडवे वाल', आणि खाली तिचं पूर्ण नाव. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने पदराने हात पुसून त्या नावावरून बोट फिरवलं. "लग्नाच्या पत्रिकेनंतर आत्ता छापलं बघ," म्हणाली. दोन हंगाम ती पाकिटं हातोहात गेली. कोलाडला काही काम नसलं तरी ती त्या दुकानापुढून एक चक्कर मारून यायची.

आणि मग नाव छापलेल्या बंद पाकिटातल्या धान्या-कडधान्यांवर कर बसला. तोही बजेटात नव्हे, भर पावसाळ्यात. मी ओटीवर बसून पेपरातली बातमी मोठ्याने वाचली, आणि नको तेवढ्या ठसक्यात म्हटलं, "काकी, नाव असलं की टॅक्स, सुट्टं विकलं तर नाही." "पोपटी कधीच झाली की. आता कसा आला?" एवढंच काकी बोलली. वर्षातला एक दिवस भ्यायचं आणि बाकीचे सुखाने काढायचे असं तिचं ठरलेलं होतं. आता प्रत्येक दिवस बजेटचा झाला.

त्या संध्याकाळी तिने घरातलं एकूण एक लेबल नखाने खरवडून काढलं. मी अडवलं नाही. उलट मदत केली. दुकानदार म्हणाला, बिननावाची पाकिटं कोण घेणार? त्याने माल सुट्टा घेतला आणि स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत भरला. मी चिडले, तर काकी म्हणाली, "असू दे. कागद आला तर त्याला येईल." पण कोलाडच्या चकरा बंद झाल्या.

पुढे मी रोह्यात कराचे फॉर्म भरून देण्याच्या कामाला लागले तेव्हा कळलं की हा नियम तिला लागूच नव्हता. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणीसुद्धा लागत नाही. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन सांगितलं, वाटल्यास हापिसात विचारून येते म्हटलं, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "जाऊ नको. विचारायला गेलं की आधी नाव लिहून घेतात."

तरी माझा शहाणपणा काही जाईना. पोपटीच्या दिवसांत मी नवी लेबलं छापून आणली, चांगली मोठी, रंगीत. काकी शेतावर गेली होती. तिला चकित करावं म्हणून एक लेबल तिच्या दारावर चिकटवलं, अगदी मधोमध, आणि आमच्या ओटीवर वाट बघत बसले. त्या क्षणी मला तिच्या माहेरचं ते दार आठवू नये? लहानपणापासून जिला रोज दाराकडे बघताना बघितलं, तिच्याच दारावर मी कागद लावला!

चार वाजले तरी काकी आली नाही. मग कुणीतरी सांगितलं, वळणापर्यंत आली होती, थांबली, आणि उलट्या पावली गेली. नदीवर बघितलं, पुलावर बघितलं. शेवटी रोहा स्टेशनात, पेणकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर सापडली. अनवाणी. मांडीवर बियाण्याचा डबा. बहुतेक परसातल्या दाराने शिरून तेवढाच उचलला होता. ती इतकी थरथरत होती की डब्यातल्या वालांचा आवाज येत होता.

"काकी, तो सरकारी कागद नाही गो," मी तिचे पाय धरले. "मीच लावला. लेबल हाय ते. त्यावर तुझंच नाव हाय!"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, नुसतं दमून.

"त्यावर माझंच नाव असणार, पोरी," ती म्हणाली. "दुसऱ्याचं असतं तर म्या कशाला पळाले असते?"

कागद काढल्याशिवाय ती घरी यायला तयार झाली नाही. मी पुढे धावत जाऊन तो ओरबाडून काढला, दार पाण्याने पुसलं, आणि मगच ती आत आली. त्यानंतर तीन वर्षं जगली. वाल सुट्टेच विकले. आता नाही ती.

माझं रोह्यात स्वतःचं छोटं ऑफिस आहे. शेतकरी येतात, रिक्षावाले येतात, शिवणकाम करणाऱ्या बायका येतात, बजेट झालं की विचारतात, "ताई, आमचं काय?" मी आता कुणालाच ठसक्यात सांगत नाही. नियम दोनदा वाचते, आणि तरी बोलताना जीभ अडखळते. पाटीवर माझं नाव आहे, भलंमोठं, रंगीत. सकाळी कुलूप काढायच्या आधी मी वर, खाली आणि दोन्ही चौकटी बघून घेते.