दिवाळखोरीच्या सुनावणीला उसनं सोनं

आमच्या घराण्यात दिवाळं निघालेला पहिला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि त्याला ते नीट काढताही आलं नाही.

दादाचं बुलढाण्याजवळच्या धाड गावात मोटारपंपांचं दुकान होतं. कर्ज थकलं, बँकेनं गाळा जप्त करून लिलावात विकला आणि उरलेलं कर्ज तडजोडीत सोडून दिलं. दादानं मला विचारलं, "आता इन्कम टॅक्सचं काय करू बे?" मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. (शिकवतो म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचतो!) ऐटीत सांगितलं, "गाळा गेला, कर्ज गेलं. गेलेल्याचं काय दाखवतोस? काही भरू नको!"

नोटीस आली. वकील म्हणाले, "लिलाव झाला तरी ती विक्रीच! आणि धंद्याचं माफ झालेलं कर्ज म्हणजे सरकारच्या लेखी कमाई!"

"म्हंजे दुकान बी माहंच गेलं, अन् कमाई बी मलेच झाली?" दादानं विचारलं.

बुडालेल्या माणसाच्या खिशातही सरकारला कमाई दिसते, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. एकदम वसुली झाली तर राहतं घर विकावं लागणार होतं. उपाय एकच. बुलढाण्याला इन्कम टॅक्सच्या साहेबांपुढं उभं राहायचं, कफल्लक झालो हे पटवायचं आणि हप्ते मागायचे.

"साधेच कपडे घाल," मी दादाला बजावलं.

पण साध्या कपड्यांत सरकारी ऑफिसात जायची आमच्या घरात रीत नाही! आजोबा तलाठ्याकडं जायचे तेही फेटा बांधून. वहिनी कडाडल्या, "भाऊजी, दुकान गेलं, इज्जत नाई गेली! सायबानं काय म्हनाव, हे भिकारी कोन आले?" त्यांनी दादाला ठेवणीतला रेशमी झब्बा चढवला. घरचं सोनं कधीच मोडलं होतं, म्हणून शेजारच्या कुसुमकाकूंकडून गोफ आणि अंगठ्या मागून आणल्या. काकू म्हणाल्या, "माहा गोफ चालला, त मी बी येतो!" काकूंच्या मागं काका, काकांच्या मागं अर्धी गल्ली. जीप वऱ्हाडासारखी भरली.

साहेब बघतच राहिले. "कर्ज कोणाचं बुडालं?"

दादानं अंगठ्यांचा हात वर केला.

"आणि हे सोनं?"

"उसनं हाय, सायेब!"

"हाव, माहं हाय!" दारातून काकू ओरडल्या. "जाताना वापस घेनार हावो!"

"दिवाळं निघाल्यावर माणूस उसनं सोनं घालून येतो?"

"मंग काय उघडे येतीन?" वहिनींनी विचारलं.

कारकून टेबलाखाली वाकून हसायला लागले. साहेब मात्र भडकले. "विवरणपत्र का नाही भरलं? कोणी सांगितलं भरू नका म्हणून?"

अख्ख्या जीपनं माझ्याकडं बोट दाखवलं. एरवी ग्रामपंचायतीतसुद्धा एवढं एकमत होत नाही!

"तुम्ही कोण?"

"मी... धाकटा भाऊ. वाणिज्य शिकवतो."

"दुकानाचे हिशोबही तुम्हीच बघायचे?"

"हो. अगदी पहिल्यापासून."

साहेबांनी चष्मा काढला, दादाकडं मायेनं पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, "यांना हप्ते बांधून द्या. दिवाळं खरं आहे."