विळ्यांचा ग्रह

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती आणि तिला सिकलसेलचा आजार होता. लग्नाआधी आमच्या पत्रिका जुळवल्या होत्या, रक्त कोणी जुळवून पाहिलं नव्हतं. एकदा डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून तिच्याच पेशी दाखवल्या. इतरांच्या गोल असतात, हिच्या विळ्यासारख्या वाकड्या; त्या नसांत अडकल्या की अंग ठणकतं. स्कूटरवर मागे बसून ती तेलीबांध्याच्या तळ्यापर्यंत माझ्या पाठीवर बोटानं विळे काढत होती.

मी सरकारी कार्यालयात बाबू, पण गोष्टी रचायची खोड जुनी. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. घरी पोचेपर्यंत एक ग्रह तयार झाला. तिथे सगळ्यांच्याच पेशी विळ्यासारख्या, एकेक शूर शिपाई. गोल पेशीवाल्यांनाच दवाखान्यात न्यावं लागतं. ती खुदकन हसली. मग रोज नवी भर. तळ्यापलीकडे नव्या वसाहती उठत होत्या, म्हणून त्या ग्रहालाही राजधानी लागली; ती तिनं वहीत आखली. एकदा भरात येऊन मी सांगून टाकलं, तिथली माणसं कधी रडत नाहीत. तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं होतं.

त्या थंडीत दोन दिवस ती शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून निजायची. अभ्यासाचा कंटाळा असेल, असं आम्ही धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं उशी उचलली, तर खोळीचा कोपरा चावून चावून फाटलेला. पोर तापानं फणफणली होती, धाप लागली होती.

"दुखून राहिलं होतं तर सांगितलं काहून नाही, माय?" मी विचारलं.

तिला मराठी कळायची, उत्तर मात्र हिंदीत. "वहाँ के लोग रोते थोड़ी हैं, बाबा."

मी तिला तशीच उचलली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दुखणं छातीत उतरलंय, पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं. तिच्या खाटेशी बसून मी घाईघाईनं ग्रहाचा कायदा बदलला.

"अव माय, राजधानीतून नवा हुकूम आला. जोरात रडणाऱ्यालेच राजा करून राहिले आता. तू रड. मोठ्यानं रड."

ग्रह, शिपाई, राजधानी, माझं सगळं तिनं खरं मानलं होतं. आता मात्र माझ्याकडे नीट पाहिलं.

"ये तो आप अभी बना रहे हो," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

संध्याकाळी ती गेली. शेवटपर्यंत रडली नाही.