ताप उतरला, लघवी थांबली

"डाक्टर, ताप उतारला की! गोळ्या द्या, दोनची यष्टी गाठायचीय," म्हणत शंकर आईच्या चपला शोधायलाही लागला.

त्याची आई सोनाबाई, हिर्डोशीची, साठीच्या पुढची. माझ्या भोरच्या दवाखान्यात बाकावर डोळे मिटून बसली होती. भातलावणीच्या चिखलाने पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, त्यातली एक चिघळून पाऊल सुजलेलं. परवा शंकरने फोनवर नुसता ताप सांगितला आणि मी न बघता गोळी सांगितली. आता थर्मामीटरमध्ये ताप नाही म्हटल्यावर मी आधी स्वतःचीच पाठ थोपटली. पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसने हात बराच मागे पोचतो.

मग तिचा हात धरला. गारठलेला. नाडी एकशे तीस, बीपी ऐंशी-पन्नास.

"मावशी, लघवी झाली का?"

"व्हय."

"कधी?"

"झाली म्हनलं न्हवं!"

दारातून सून, शोभा, म्हणाली, "आत्या खोटं बोलत्यात. काल सकाळधरनं गेल्याच न्हाईत."

"गप ए भवाने! बाप्या मानसाम्होरं काय बी बोलती!"

"लावणीला आडोसा नसतोय, डाक्टर. बाया पानीच पित न्हाईत. आमाला वाटलं, त्याचंच आसंल," शोभा म्हणाली.

ते त्याचं नव्हतं. हा सेप्सिस. जखमेतले जंतू अंगभर पसरतात आणि त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःचीच मोडतोड करून घेतं. बीपी पडतं, किडनीला रक्त कमी पडतं, लघवी थांबते. अंग गार पडतं आणि घरचे म्हणतात, ताप उतरला.

"शंकर, पुण्याला. आत्ता."

"लावणी आर्धी पडलीय वो. उद्या नेतो."

"उद्या न्यायला कुणी उरायचं नाही!"

एवढ्या जोरात मी फक्त घरी टीव्हीसमोर ओरडतो. तिथे कुणी ऐकत नाही. इथे शंकरने चपला खाली ठेवल्या.

ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केलं, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. यात एकेक तास मोलाचा. अॅम्ब्युलन्स आली तसा दवाखाना बंद करून शंकर-शोभासोबत मीही चढलो. आडवं बसून मला गाडी लागते, हे कापूरहोळला आठवलं. पिशवी तोंडाशी धरून मी दुसऱ्या हाताने सलाईन दाबत होतो. शिवऱ्याजवळ बीपी नव्वदवर आलं. सोनाबाईने डोळे उघडले.

"शोभे, डाक्टरला लिंबू दे गं. लईच आजारी दिसतोय."

पुण्यात आयसीयू, चार वेळा डायलिसिस. आठव्या दिवशी लघवी सुरू झाली. शंकरने ती बातमी फोनवर इतक्या आनंदाने सांगितली, की बारशाचं आमंत्रण वाटावं.

आता फोनवर गोळी सांगत नाही. आणि लघवीचा प्रश्न सासूला रीत म्हणून विचारतो, उत्तर सुनेकडून घेतो.